प्रकल्प नोंदी: ३०० बारचा छोटा कॉम्प्रेसर, गळणारं तेल आणि तापणारं हेड

१२ मार्च २०२५

रायफल हॉलचा कॉम्प्रेसर आज कोल्हापुरात उद्यमनगरच्या शेडवर आला. १० मीटर एअर रायफलसाठी हवा भरायला वापरतात तोच प्रकार: दोन टप्प्यांचा, चिनी बनावटीचा, सिंगल फेज १.८ किलोवॉटची मोटर, २८०० आरपीएम, हेडभोवती पाणी फिरवायला बादलीत सोडलेला छोटा सबमर्सिबल पंप. कमाल दाब ३०० बार (१ बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा दाब). हॉलवर यातून ६.८ लिटरचा कार्बन फायबर सिलिंडर भरून ठेवतात आणि पोरं त्यातून आपापल्या रायफलीचे सिलिंडर २०० बारपर्यंत भरून घेतात.

प्रशिक्षक सरांनी चिठ्ठी दिली आहे: "मोटरच्या बाजूनं तेल गळतं. दहा मिनिटांत ७० डिग्री दाखवून बंद पडतो. हवेला जळका वास. सील नवीन टाकलं आहे, तरी गळतं."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. सील नवं असून गळत असेल तर आतून त्याला कोणीतरी ढकलतंय. बाहेरचं तेल पुसत बसण्यापेक्षा ते ढकलणारं काय आहे ते आधी शोधायचं, असं ठरवलं आहे. तोवर सीलला हात लावणार नाही.

मशीनवर ताणही वाढलाय. स्वप्नील कुसाळेनं ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ आणल्यापासून हॉलवर गर्दी आहे. (ते मेडल ५० मीटरचं, पॉइंट २२ रायफलचं, त्यात दाबाच्या हवेचा काही संबंध नाही. पण पोरांची सुरुवात एअर रायफलवरच होते.)

१३ मार्च

खोलण्याआधी मोजमाप. आजारी मशीन खोललं की त्याचं आजारपण कसं होतं ते पुन्हा बघता येत नाही.

सरांचं रजिस्टर कामाला आलं. मोठा सिलिंडर १५० वरून २०० बारला न्यायला गेल्या वर्षी १२ मिनिटं लागायची, अशी नोंद आहे. आज मधे थांबत थांबत, फक्त चालू वेळ धरून, १९ मिनिटं लागली. हिशेब सोपा आहे: ६.८ लिटर गुणिले ५० बार म्हणजे बाहेरची साधारण ३४० लिटर हवा. तेव्हा मिनिटाला २८ लिटर जात होती, आता १८. मिनिटाला दहा लिटर हवा कुठंतरी हरवतेय.

तापमान इन्फ्रारेड गननं घेतलं. दोन टप्प्यांमधला तांब्याचा पाइप चकचकीत असल्यामुळे गन त्यावर भलतंच कमी दाखवते. हात लावला तर चटका आणि गन म्हणते ४१. काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून तिच्यावर गन धरली, मग ८३ आले. यापुढचे सगळे आकडे टेपवरचे.

बाहेरची गळती साबणाच्या पाण्यानं तपासली, मशीन बंद करून, दाब तसाच ठेवून. मीटरच्या खालच्या जोडाला बारीक फेस आला, बाकी कुठं काही नाही. जवळ उभा असलेला पोरगा बोट फिरवून बघणार होता, त्याला ओरडलो. या दाबाला सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारी हवासुद्धा कातडीखाली शिरू शकते. फेसानं दिसतं, बोटाची गरज नाही.

म्हणजे हरवलेली हवा आतल्या आतच कुठंतरी जातेय.

१५ मार्च

सोप्यापासून सुरुवात: पाणी. परतीच्या नळीखाली एक लिटरचं माप धरलं, भरायला ४० सेकंद लागले. मिनिटाला दीड लिटर. हे फारच कमी. मोटरची सगळी १.८ किलोवॉट उष्णता या पाण्यात उतरली असं धरलं तर आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी यांच्यात १७ अंशांचा फरक पडतो. खरं तर बरीच उष्णता अंगावरून हवेतही जाते, पण अंदाज यायला एवढं पुरे.

पंपाची जाळी उघडली तर आत शेवाळ आणि बादलीच्या प्लास्टिकचे तुकडे. हेडच्या पाण्याच्या वाटेत पांढरा थर. हॉलवर बोअरचं पाणी वापरतात, त्याचा हा क्षार. लिंबूसत कोमट पाण्यात विरघळवून पंपानंच तासभर फिरवलं, पाणी गढूळ होत गेलं, पुन्हा नवं केलं. हायड्रोक्लोरिक कोणी सुचवलं तरी वापरायचं नाही, हेड अॅल्युमिनियमचं आहे.

आता माप १५ सेकंदांत भरतं. मिनिटाला चार लिटर.

फरक पडला, पण पुरेसा नाही. पूर्वी दहाव्या मिनिटाला बंद पडायचा, आता सतराव्या मिनिटाला. आणि तेल तसंच गळतंय. पाणी कमी होतं हे खरं, पण मूळ दुखणं ते नव्हे.

१८ मार्च

तेल काढलं. रंग चहासारखा, त्यावर दुधाळ तवंग, वास पेट्रोल पंपावरच्या इंजिन ऑइलचा. चौकशी केल्यावर कळलं की आधीच्या कारागिरानं मोटारसायकलचं २०डब्ल्यू४० टाकलं होतं. इंजिन ऑइलमधली डिटर्जंट द्रव्यं इंजिनात उपयोगी पडतात. इथं ती पाणी धरून ठेवतात आणि तापलेल्या व्हॉल्व्हवर राख सोडतात.

पातळीही जास्त होती. या मशीनमध्ये तेलपंप नाही, कनेक्टिंग रॉडच्या टोकाची पळी तेलात बुडून ते वर उडवते. तेल जास्त झालं की पळी जास्त उडवते, रिंगांना खरवडून संपत नाही आणि उरलेलं पिस्टनवरून वर जातं. तिथून व्हॉल्व्हवर, आणि मग हवेत. जळका वास इथूनच.

पातळीच्या काचेत मात्र तेल बरोबर लाल ठिपक्यावर दिसायचं. याचं उत्तर खाली वाकून बघितल्यावर सापडलं: काचेच्या उलट बाजूचा रबरी पाय दबून गेलाय, मशीन मागं झुकलंय. काच पुढं, तेल मागं. चारही पाय बदलले, स्पिरिट लेव्हल लावून सरळ केलं आणि मग ठिपक्यापर्यंत नवं सिंथेटिक कॉम्प्रेसर ऑइल भरलं, व्हीजी १००. मशीनच्या कागदावर ४६ नंबरचं हायड्रॉलिक तेल चालेल असं लिहिलंय आणि थंड ठिकाणी ते चालतही असेल. व्हीजीचा आकडा ४० अंशांवरच्या जाडीचा असतो. आमच्या उन्हाळ्यात तेल ४० ला फक्त सुरुवात करतं. म्हणून जाड घेतलं.

२२ मार्च

आजचा दिवस महत्त्वाचा. शेजारच्या गाळ्यातले मिस्त्री आले होते. आयुष्य ऑइल इंजिनांवर गेलेला माणूस. त्यांनी चालू मशीनच्या तेलाच्या झाकणावर तळहात धरला आणि दोन सेकंदांत म्हणाले, "सीलला कशाला शिव्या देताय? बॅक कॉम्प्रेशन हाय ह्ये. आतनं वारं मारतंय."

मलाही तेच वाटत होतं, पण आकडा हवा होता. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, फळीवर इंग्रजी यू आकारात ठोकली, निम्मी पाण्यानं भरली आणि दिसावं म्हणून पाण्यात नीळ टाकली. तेलाच्या झाकणाखाली टी जोड बसवला: एक तोंड मूळच्या ब्रीदरला (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडाला), दुसरं नळीला. म्हणजे ब्रीदर आपलं काम करत राहतो आणि क्रँककेसमधला, म्हणजे खालच्या तेलाच्या पेटीतला, दाब नळीत दिसतो.

दाब नसताना, निचरा (साचलेलं पाणी-तेल सोडायचा स्क्रू) उघडा ठेवून: निळं पाणी जागच्या जागी थरथरतं, बस. ५० बारला दोन्ही बाजूंत हातभर फरक. १२० बारच्या पुढं गेल्यावर पाणी नळीच्या तोंडातून उडून माझ्या शर्टावर. एक मीटरची नळी पुरली नाही, म्हणजे आत ०.१ बारच्या वर दाब. नव्या सीलनं हे झेलायला हवं, पण तापलेलं पातळ तेल आणि फिरता शाफ्ट असल्यावर झिरपतंच.

ब्रीदर उघडला. आतला फेल्टचा बोळा तेल आणि धुळीनं इतका घट्ट झालेला की तोंडानं फुंकून हवा जाईना. पेट्रोलनं धुतला, वाळवला, बसवला. आता २०० बारला ३० सेंटिमीटर.

ब्रीदर साफ केल्यानं दाब उतरला, पण वारा तेवढाच आहे, फक्त त्याला वाट मिळाली. तो मोजायला ब्रीदरच्या तोंडाला कचऱ्याची दहा लिटरची पिशवी बांधली. २०० बारवर चालताना ती सव्वा मिनिटात फुगली. मिनिटाला आठ लिटर! परवाच्या हरवलेल्या दहातले आठ लिटर हे असे सापडले, तेलाच्या वाफेसकट. राहिलेले दोन बहुधा व्हॉल्व्हमध्ये.

गरम हवा पिस्टनच्या बाजूनं खाली निसटते, तेल तापवते, तेल पातळ होतं, पातळ तेल वर जास्त जातं, वर जाऊन जळतं, काजळी धरते, रिंगा अडकतात आणि अजून हवा खाली निसटते. तेल गळणं आणि हेड तापणं या दोन तक्रारी वेगळ्या मांडल्या की माणूस एकदा सील बदलतो, एकदा पंप बदलतो आणि मशीन तसंच राहतं.

२७ मार्च

हेड उतरवलं. वरच्या दाबाचा पिस्टन करंगळीएवढा जाड. त्याच्या खाचांत रिंगा आहेत, पण त्या रिंगा आहेत हे शोधावं लागलं: काळ्या वार्निशनं खाचा भरून सपाट झालेल्या. चांगली रिंग नखानं दाबली की आत जाते आणि सोडली की परत येते. यातली एकही हलली नाही. पिस्टन डिझेलमध्ये भिजत ठेवला. संध्याकाळी लाकडी काडीनं काढताना वरची रिंग तुटली, तीही गंजलेल्या तारेसारखी, आवाज न करता. उरलेल्यांची तोंडं, म्हणजे रिंगेच्या कापलेल्या टोकांमधल्या फटी, एकाखाली एक आलेली. हवेला सरळ रस्ताच तयार.

बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) एका बाजूला उभी खूण आहे, नखाला लागत नाही. राहू दिली.

डिस्चार्ज (हवा बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या बैठकीवर काजळीचा कडा, एका ठिकाणी तुटलेला. त्या फटीतून दाबलेली गरम हवा परत सिलिंडरात येते आणि पुन्हा दाबली जाते. एकदा तापलेलं पुन्हा तापवायचं. १३ तारखेला मधला पाइप तापत होता त्याबद्दल दुसऱ्या टप्प्याच्या सक्शन (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हवर संशय होता, कारण पुढच्या टप्प्याचा सक्शन गळला की हवा मागं येऊन मधला दाब चढतो. तो व्हॉल्व्ह मात्र स्वच्छ निघाला. पाण्याची कमतरता हेच तिथलं कारण असावं.

३० मार्च, पाडवा

शेड बंद. घरी बसून आकडेमोड केली, कारण मिस्त्री विचारत होते की एवढ्याशा मशीनमध्ये तेल जळतंच कसं.

१ बारवरून ३०० बारला दोन टप्प्यांत जायचं तर प्रत्येक टप्पा साधारण १७ पट दाबतो. भिंतींना काहीच उष्णता न देता हवा १७ पट दाबली तर ३० अंशांची हवा कागदावर ४०० अंशांच्या पुढं जाते. तीन टप्पे असते तर प्रत्येकी पावणेसात पट, तापमान अडीचशेच्या आसपास. चार टप्प्यांत पावणेदोनशे. मोठे, महाग कॉम्प्रेसर तीन-चार टप्प्यांचे का असतात याचं उत्तर यात आहे, आणि प्रत्येक टप्प्यानंतर लांबलचक कूलिंग पाइप का असतो त्याचंही.

आपल्या मशीनमध्ये भिंती गार असतात म्हणून प्रत्यक्षात ४०० येत नाही. पण पाणी दीड लिटरवर आलं, व्हॉल्व्ह गळला, तेल जास्त झालं की त्या आकड्याकडं सरकायला लागतं. डिझेल इंजिनमध्ये स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेनंच इंधन पेटतं, हे कोल्हापुरात कोणाला सांगायला नको.

२ एप्रिल

वरच्या टप्प्याच्या रिंगांचा संच आला. तोंडाची फट बोअरमध्ये रिंग सरळ बसवून फीलर गेजनं बघितली, ठीक. बसवताना तोंडं एकमेकांच्या उलट दिशेला.

व्हॉल्व्हची चकती काचेवर बारीक ग्राइंडिंग पेस्ट टाकून इंग्रजी आठ काढत घासली. चकती सगळीकडं एकसारखी धुरकट राखाडी दिसायला लागली की थांबायचं. कुठं चमक उरली तर तिथं खोलगट आहे. बसवून वरून डिझेलचे चार थेंब टाकले, चहा पिऊन आलो तरी खाली उतरले नव्हते.

तांब्याचे जुने वायसर फेकले नाहीत. दाबून दाबून तांबं कडक होतं आणि मग बसत नाही. गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ. ओ-रिंगा मात्र सगळ्या नव्या, ९० शोअरच्या (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप). नेहमीच्या ७० च्या या दाबाला फटीत घुसून चिरतात.

हेडचे बोल्ट तिरपे-तिरपे, तीन फेऱ्यांत आवळले.

बर्स्ट डिस्क (दाब हाताबाहेर गेला तर फुटून हवा सोडणारी चकती) तपासली. हॉलवरच्या कोणीतरी "फुटली तर जाड पत्रा टाकू" असं सुचवल्याचं कानावर आलंय. त्या डिस्कच्या शेजारी लाल रंगानं लिहिलं: इथं फक्त मूळ डिस्क. सगळं अडलं तरी फुटावं म्हणूनच ती पातळ केलेली असते.

५ एप्रिल

नव्या रिंगा एकदम ३०० बारला न्यायच्या नाहीत. आधी निचरा उघडा ठेवून, मग ५० बार, मग १००, मधे गार होऊ देत.

दुपारी खरी चाचणी, १५० ते २०० बार: १३ मिनिटं. मीटर ५८ अंशांवर थांबला. मधला पाइप टेपवर ६१. यू नळीत पाच सेंटिमीटर. कचऱ्याची पिशवी पाच मिनिटं झाली तरी पुरती फुगली नाही.

खाली पांढरा कागद अंथरला होता. मोटरच्या बाजूला एकही डाग नाही. सील तेच आहे, आधीच्या कारागिरानं बसवलेलं. मिस्त्री कागद उचलून बघून गेले, काही बोलले नाहीत, पण गेले ते हसत.

कागदावर एक डाग आहे तो निचऱ्याच्या तोंडाखाली. तिथून पाणी आणि तेल उडणारच. नळी लावून ती जुन्या बाटलीत सोडली.

१४ मे

मशीन हॉलवर परतलंय. सरांचा फोन: संध्याकाळी मोटर गुरगुरते आणि अंग तापतं. गेलो. मल्टिमीटरवर १९५ व्होल्ट, त्यात लांब, बारीक वायरचं एक्स्टेंशन. व्होल्टेज कमी पडलं की मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते. २.५ चौरस मिमीची वायर सरळ बोर्डावरून ओढून घेतली आणि हवा सकाळी भरायची असं ठरलं. सकाळी पाणीही गार असतं. २० लिटरची बादली दहा मिनिटांत दहा-बारा अंश चढते, त्यामुळे मी त्यांना पन्नास लिटरचा ड्रम ठेवायला लावला. पोरं त्यात बर्फाच्या बाटल्या टाकतात. टाकू देत.

हॉलवर असतानाच मालवणहून एका ओळखीच्याचा फोन. तारकर्लीला सीझन जोरात आहे, स्कूबाचे सिलिंडर या मशीनवर भरून मिळतील का? नाही म्हणालो. त्यांना वाटलं मी भाव खातोय. श्वासाच्या हवेचं युरोपीय मानक, ईएन १२०२१, कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएमच्या आत आणि तेल घनमीटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतं. तापलेल्या तेलातून हाच मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि पाण्याखाली दाबानं त्याचा परिणाम वाढतो. मार्चमध्ये या पिस्टनवर काय होतं ते मी पाहिलंय. रायफलीला वास आलेला चालतो, माणसाला नाही.

१९ जून

पाऊस लागला. आता दुखणं बदललं: पाणी. २७ अंशांच्या कोंदट हवेच्या एका घनमीटरमध्ये २५ ग्रॅमच्या वर वाफ असते. आपल्या ३४० लिटरच्या भरण्यात म्हणजे नऊ ग्रॅमपर्यंत पाणी, आणि २०० बारला त्यातलं जवळजवळ सगळं द्रव होऊन पडतं. फिल्टरनं ते अडवलं नाही तर ते रायफलीच्या सिलिंडरात जाऊन आतून पोखरतं.

म्हणून पावसाळ्यात निचरा दर पाच मिनिटांनी, दोन्ही स्क्रू, दोन सेकंद. भिंतीवर घड्याळाखाली लिहून ठेवलंय. फिल्टरमधला कापूस आठवड्याला बदलायचा. पिवळा होऊन आला तर ठीक, तपकिरी आला तर मला फोन.

त्याच निमित्तानं सगळ्या पोरांचे रायफल सिलिंडर टेबलावर मांडले. मॅच रायफलींचे बहुतेक उत्पादक सिलिंडरावर दहा वर्षांची मुदत छापतात आणि स्पर्धेत ती पाळण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. दोन सिलिंडर बाद निघाले, दोन्ही मोठ्या भावांकडून आलेले. मोठ्या कार्बन सिलिंडरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबानं होणाऱ्या तपासणीची) तारीख पुढच्या वर्षाची आहे.

२६ जून

मशीन किती तास चाललं ते मोजणारा अवर मीटर बसवला. यू नळीची फळी हॉलवरच भिंतीला टांगून दिली आणि सरांना वाचायला शिकवलं: २०० बारला पाच सेंटिमीटर आहे तोवर बरं, पंधरा झालं की रिंगा बघायच्या, तेल गळायची वाट बघत बसायचं नाही. निचऱ्याच्या वरच्या स्क्रूची ओ-रिंग थोडी फेस देतेय, ती बदलायची राहिली आहे. मंगळवारी जाईन तेव्हा व्हीजी १०० चा एक डबाही न्यायचा.